थोडे धागे, बाकी हवा

जगातला कोणताही स्वेटर गरम नसतो. खात्री करून घ्यायची असेल तर घरातला सगळ्यात जाड स्वेटर घ्या, त्यात तापमापक गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पारा खोलीच्या तापमानावरच दिसेल. किंवा मे महिन्यात गोंदियाच्या बाजारात जा. ऊन ४५ अंशांच्या वर गेलेलं असतं आणि बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून, भुशात दाबून ठेवलेली असते. गोणपाट स्वतः ऊब देत असतं, तर लादीचं केव्हाच पाणी झालं असतं! गोणपाट काय किंवा स्वेटर काय, काम एकच करतो: उष्णतेची वाट अडवतो. लादीपाशी बाहेरची उष्णता आत शिरू देत नाही आणि आपल्या अंगावर आतली बाहेर पडू देत नाही.

मग ऊब येते कुठून? ती आपलीच असते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. भराभर चालायला लागलं की ती दुपटी-तिपटीवर जाते. परदेशात एक सेमिस्टर काढायला निघालेल्या मुलामुलींनी, आणि त्यांच्या बॅगा भरणाऱ्या आईवडिलांनी, सगळ्यात आधी हे लक्षात घ्यावं. तिकडे ऊब न्यायची नसते. रोज जे अन्न पोटात जातं त्यातून ती तयार होतच असते. न्यायचं आहे ते तिला धरून ठेवणारं काहीतरी.

हे धरून ठेवणारं काहीतरी म्हणजे हवा. थांबलेली, अडकून पडलेली हवा. आपल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंमध्ये इतकी वाईट उष्णतावाहक वस्तू सहजी सापडत नाही. पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं. लोकरीचा धागासुद्धा हवेपेक्षा चांगला वाहक आहे! लोकर ऊबदार ठरते ती धाग्यामुळे कमी आणि धाग्याधाग्यांमध्ये कोंडलेल्या हवेमुळे जास्त. धागा फक्त हवेला हलू देत नाही, कारण हलणारी हवा उष्णता पळवते.

दवनीवाड्यासारख्या गावाला हे नवीन नाही. गोंदिया तालुक्यातलं, वैनगंगेच्या खोऱ्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं हे गाव. उन्हाळ्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो आणि विदर्भातल्या सर्वांत थंड ठिकाणांत गोंदियाचं नाव छापून येतं. अशा रात्री धानाच्या राखणीला शेतावर झोपणारा माणूस खाली तणीस अंथरतो. तणसाची एक काडी हातात घेऊन मोडून बघा. पेरापेरांच्या मधला भाग पोकळ असतो. म्हणजे काडीच्या आत हवा, आणि आडव्यातिडव्या पडलेल्या काड्यांच्या मध्येही हवा. जमीन गार पडलेली असते, पण जमीन आणि पाठ यांच्यामध्ये वीतभर थांबलेली हवा असते. वर वाकळ घेतली की तिच्या एकावर एक शिवलेल्या जुन्या लुगड्यांच्या थरांमध्येही तीच हवा. शून्याखालच्या देशात लागणाऱ्या सगळ्या कपड्यांचं शास्त्र या एका बिछान्यात आहे.

याच ज्ञानाची उणीव काय करू शकते, हे मराठी माणसाने फार पूर्वी पाहिलं आहे. एप्रिल १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतलं आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. फिलाडेल्फियात जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं. १८८५ मध्ये काढलेल्या एका प्रसिद्ध छायाचित्रात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली यांच्यासोबत त्या साडीत बसलेल्या दिसतात. पोशाख न बदलण्याचा त्यांचा निश्चय पक्का होता आणि त्यामागे स्वाभिमान होता. पण साडीची रचना आपल्या हवामानासाठी आहे. ती खालून मोकळी असते. चालताना प्रत्येक पावलागणिक आतली कोमट हवा बाहेर जाते आणि बाहेरची आत येते. उन्हाळ्यात हेच तर हवं असतं! फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात मात्र शरीराने तापवलेली हवा क्षणाक्षणाला निघून जाते. त्यातच तिथलं अन्न मानवेना आणि प्रकृती खालावत गेली. परतल्यावर, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने पुण्यात त्यांचं निधन झालं. क्षय थंडीने होत नाही, जिवाणूंनी होतो. रॉबर्ट कॉख यांनी तो जिवाणू जाहीर केला १८८२ मध्ये, आनंदीबाई निघण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी. पण सतत थंडी आणि अर्धपोटी राहणं सोसणाऱ्या शरीराची झुंजण्याची ताकद कमी होते. आज निघणाऱ्या एखाद्या मुलीला साडी नेसायची असेल तर तिने खुशाल नेसावी. आत थर्मलचा अंगासरसा थर असला की हवा जागेवर राहते आणि स्वाभिमानही.

थंडीच्या कपड्यांचे असे थर तीन. पहिला अंगाला चिकटून असतो आणि त्याचं काम घाम उचलण्याचं. थंडीत घाम कसला, असं वाटेल. पण बस पकडायला जाड कोटात पाच मिनिटं धावलं की अंग भिजतंच. सुती बनियन हा घाम पिऊन घेते आणि ओलीच राहते. धाग्यांमधली हवा जाऊन तिथे पाणी येतं आणि ते पाणी अंगाची उष्णता ओढायला लागतं. मार्च-एप्रिलमध्ये हवीहवीशी वाटणारी सुती कापडाची हीच गारवा देणारी खोड तिकडे अंगाशी येते. म्हणून आतला थर पॉलिस्टरच्या थर्मलचा किंवा बारीक मेरिनो लोकरीचा असावा.

लोकर हे तर एक नवलच आहे. ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा इतकी वाफ पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय वाफ शोषताना ती थोडी उष्णता सोडते. कोरड्या, उबदार खोलीतून दमट थंडीत पाऊल टाकताच लोकर हवेतली वाफ घेते आणि किंचित तापते! मग लोकर टोचते का? जाड धागा टोचतो. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड धाग्याचं टोक त्वचेला रुतल्यावर वाकत नाही, म्हणून खाज येते. मेरिनोचा धागा त्याहून बराच बारीक असतो. तो वाकतो आणि टोचत नाही.

दुसरा थर म्हणजे तणीस. स्वेटर, फ्लीस किंवा पिसांचं जॅकेट. याचं काम फक्त हवा कोंडणं. बदकांच्या आणि हंसांच्या छातीवर वरच्या पिसांखाली मऊ कापसासारखी पिसं असतात. हिवाळ्यात नवेगावबांधच्या तळ्यावर उत्तरेकडून येणारे पाणपक्षी थंड पाण्यात तासन्‌तास तरंगतात ते याच अस्तराच्या जोरावर. उत्तम दर्जाची अशी सुमारे २८ ग्रॅम पिसं मोकळी सोडली की १३ लिटर जागा व्यापतात. पिसं नाममात्र, बाकी सगळी हवा. मात्र भिजली की ती एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि हवा निघून जाते. ओल्या बर्फाच्या, पावसाच्या शहरात जायचं असेल तर पॉलिस्टर भरलेलं जॅकेट बरं. ते भिजूनही बरीचशी हवा धरून ठेवतं.

तिसरा थर वाऱ्यासाठी. अंगाभोवती आपण तापवलेल्या हवेची एक पातळ साय असते आणि वारा ती पुसून नेतो. हे मोजलं पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी, अंटार्क्टिकावर, १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला. प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते उघड्यावर टांगलं आणि वेगवेगळ्या वाऱ्यात ते गोठायला किती वेळ लागतो हे बघितलं. आजच्या सूत्राप्रमाणे पारा उणे १० अंशांवर असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं जाणवतं. म्हणजे हवामानाच्या अंदाजात तापमान पाहून भागत नाही, वाराही पाहावा लागतो. वारा आणि पाणी अडवणारं बाहेरचं जॅकेट पातळ असलं तरी चालेल. आतल्या स्वेटरने कमावलेलं ते राखतं.

आता हात आणि पाय. थंडी वाढली की शरीर मेंदू, हृदय, फुप्फुसं यांचा विचार आधी करतं आणि बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. बोटं बधिर होतात ती त्यामुळे. पाच बोटांच्या मोज्यापेक्षा चारही बोटं एकत्र राहणारा मोजा अधिक ऊबदार, कारण बोटांची थंडीला सामोरी जाणारी बाजू कमी होते आणि ती एकमेकांची हवा वाटून घेतात. बुटात दोन जाड मोजे कोंबणं ही नेहमीची चूक. बूट घट्ट झाला की मोज्यातली हवा दाबली जाते, रक्तही नीट पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतात. बूट अर्धा नंबर मोठा, तळ जाड, मोजा एकच पण लोकरीचा.

एक आश्चर्य खोलीच्या आतलं. बाहेर उणे १० अंशांची हवा वाफेने पूर्ण भरलेली असली तरी एका घनमीटरमध्ये जेमतेम सव्वादोन ग्रॅम वाफ मावते. तीच हवा हीटरने २२ अंशांपर्यंत तापवली की तिची भूक एकोणीस ग्रॅमच्या पुढे जाते. मग ही भुकेली हवा ओठ, हात, नाक, डोळे, जिथून मिळेल तिथून पाणी घेते. म्हणून जानेवारीत ओठ फुटतात ते बर्फात नाही, गरम खोलीत. घरून खोबरेल तेल देणार असाल तर ते तिथे दगड होतं हे सांगून ठेवा. २४ अंशांच्या आसपास ते गोठायला लागतं, गोंदियाच्या थंडीतही बाटलीत पांढरं होतं. व्हॅसलीन गोठत नाही आणि त्वचेतलं पाणी झाकून ठेवतं. मोबाइलच्या बॅटरीतल्या रासायनिक क्रियाही थंडीत मंदावतात आणि चार्ज असताना फोन अचानक बंद पडतो. तो बाहेरच्या खिशात न ठेवता आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावा.

आता प्रत्यक्ष बॅग. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. म्हणजे बॅग भरायची वेळ येते ती ऑक्टोबर हीटच्या तोंडावर, धान लोंब्यांवर असताना, अंगाला घाम फुटलेला असताना. त्या दिवसांत थंडीची कल्पनाच करवत नाही. म्हणून कल्पनेवर नको, थरांच्या हिशेबावर बॅग भरा. इथून न्या: थर्मलचे दोन-तीन जोड, दोन पातळ स्वेटर, लोकरीचे मोजे, टोपी, गळ्याभोवतीचा मफलर. पिसांचं किंवा फुगीर जॅकेट असेल तर पिशवीत दाबून त्यातली हवा काढून टाका. तिचं वजन विमान कंपनी मोजणार नाही आणि उतरल्यावर झटकून उघडलं की तिथली हवा फुकट भरते. बरेच दिवस मात्र दाबून ठेवू नका. जड कोट आणि बर्फातले बूट शक्यतो तिकडेच घ्या. तिथल्या थंडीच्या मापाने बनवलेले असतात आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात मिळतात.

स्वेटर घेताना तो कशाचा आहे ते आतल्या पट्टीवर वाचा. थंडीत तिबेटी विक्रेते रस्त्याकडेला स्वेटर मांडतात. ही माणसं थंडीच्या देशातून आपल्याकडे आलेली. आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ, नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२पासून आहे. बर्फाळ पठार सोडून ती विदर्भाच्या उन्हात घर करून राहिली; आपली मुलं नेमका उलटा प्रवास करतात. बाजारातले बरेच स्वेटर लुधियानाचे आणि ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिक हवा धरतं, लोकरीसारखी वाफ मात्र शोषत नाही. मधल्या थराला चालेल, अंगाला नको.

खाण्याचं थोडं. जवसाची कोरडी चटणी, तिखट, मसाला जरूर द्या. पण युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खवा, तूप घरीच ठेवा. अमेरिकेत तर भारतातून कच्चा तांदूळही नेता येत नाही, कारण धान्यात लपणारा खपरा भुंगा. धानाच्या जिल्ह्यातल्या आईला हे जड जाईल, पण विमानतळावर पिशवी टाकून द्यावी लागण्यापेक्षा बरं.

आणि तिकडे पहिला बर्फ पडला की घाबरू नका, खाली वाकून मूठभर उचलून बघा. ताज्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्यांहून अधिक हवाच असते. म्हणूनच बर्फाच्या जाड थराखाली गवताची मुळं आणि उंदीर हिवाळा काढतात, वर पारा कितीही खाली गेला तरी.

ज्यांच्या घरातलं मूल यंदा निघणार आहे, त्यांना एकच सांगणं. महागडा जाडजूड कोट घेऊन देण्याआधी त्याला तीन थरांचं हे गणित समजावून द्या आणि बॅगेत थोडी जागा रिकामी सोडा. उरलेली हवा तिकडे मिळेल.