कोंबडीच्या दाण्याचे अर्थकारण

समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून जालना जिल्ह्यातील जांब समर्थ सर्वांना ठाऊक आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तेथे एक ऐहिक प्रश्नही पडतो. कापूस, सोयाबीन, मका, बाजरी पिकविणाऱ्या या मुलखात अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याचे गणित नेमके दाण्यापाशीच का बिघडावे?

अंड्याच्या उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा निम्म्याहून बराच अधिक असतो. या खाद्याचे दोन आधार म्हणजे मका आणि सोयाबीनची पेंड. २०२१ साली पेंडीचे भाव इतके भडकले की केंद्र सरकारला १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी द्यावी लागली. पुढे मक्याला इथेनॉलच्या कारखान्यांचे नवे गिऱ्हाईक लाभले. शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळाले, हे स्वागतार्हच. परंतु कोंबडीपालक कात्रीत सापडला.

मग पर्याय शोधणे ओघानेच आले. बाजरीत मक्याहून प्रथिने अधिक; मात्र पिवळे रंगद्रव्य नसल्याने बलक फिका पडतो. सरकीची पेंड या भागात सहज मिळते. पण तिच्यात लायसिन कमी आणि गॉसिपॉलमुळे साठवणीत बलक हिरवट होण्याचा धोका. इथेनॉल काढल्यावर उरणारा मक्याचा चोथा प्रथिनयुक्त खरा. परंतु मूळ दाण्यात बुरशीचे विष असल्यास चोथ्यात ते सुमारे तिपटीने दाटते.

म्हणूनच ‘स्वस्त’ हा शब्द येथे फसवा आहे. शंभर कोंबड्या दिवसाला सुमारे ११ किलो खाद्य खातात. किलोमागे २ रुपये वाचले, तर बचत २२ रुपयांची. पण त्यापायी रोजची ५ अंडी घटली आणि अंड्याचा भाव ५ रुपये धरला, तर तोटा २५ रुपयांचा! हिशेब पोत्याच्या किमतीचा नव्हे, अंड्यामागील खर्चाचा मांडावयास हवा.

मोठ्या कारखानदाराला हा हिशेब मांडून देणारे तज्ज्ञ आणि प्रयोगशाळा हाताशी असतात. शंभर कोंबड्यांवर मुलांच्या शिक्षणाचा खर्च भागविणाऱ्या बाईने काय करावे? परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि जालन्याजवळील खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांचे ज्ञान तिच्या खुराड्यापर्यंत पोहोचले पाहिजे. मूठभर दाण्याची तपासणी तालुक्याच्या गावी, परवडेल अशा दरात झाली पाहिजे. पर्यायी दाणा शिवारात आहेच. उणीव आहे ती तो पारखून देणाऱ्या व्यवस्थेची. आणि ती उभारणे हे शासनाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.