अजिंठ्याचा पहिला फोटोवाला भुसावळात निजला आहे

ती पुस्तके आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिली आहेत. साहेबाच्या दिवाणखान्यातील टीपॉयवर, बँक मॅनेजरच्या केबिनमध्ये, नाहीतर एखाद्या मोठ्या घरच्या लग्नातील आहेरात. उचलायला दोन हात लागावेत एवढे जाडजूड, गुळगुळीत कागदाचे पुस्तक. वर नाव ‘भारत’ किंवा तशाच अर्थाचे काहीतरी. आत ताजमहाल, राजस्थानी पागोटी, केरळच्या नावा, बनारसचा घाट. अशी पुस्तके कोणी वाचत नाही, चाळतात. चाळता चाळता मध्येच एक पान येते आणि हात थांबतो. हातात निळे कमळ घेतलेला, पापण्या खाली झुकलेला अजिंठ्याचा पद्मपाणी!

मी असे पुस्तक पहिल्यांदा पाहिले ते शाळेत असताना, एका वाचनालयात. काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेले होते. बसलेले गृहस्थ म्हणाले, “हात धुऊन ये.” हात धुऊन आलो. मग म्हणाले, “तू लांबूनच बघ, पाने मी उलटतो.” हा नियम सगळ्या मुलांना होता की माझ्यापुरता होता, हे मला आजतागायत कळलेले नाही. पद्मपाणीचे पान त्यांनी फार लवकर उलटले, एवढे मात्र लक्षात राहिले. आमच्या घरी तेच चित्र एका कॅलेंडरवर होते. वर्ष संपले तरी आईने ते काढले नव्हते. म्हणून मी वाचनालयात ते लगेच ओळखले.

पुढे या पुस्तकांचा माग काढत गेलो, तेव्हा एक गोष्ट कळली. भारतातील प्राचीन वास्तूंच्या छायाचित्रांची जी अगदी सुरुवातीची पुस्तके निघाली, त्यांतील दोन आपल्या खानदेशाच्या वेशीवर तयार झाली. आणि ज्याने ती छायाचित्रे काढली तो माणूस भुसावळात मातीआड झाला आहे.

त्याचे नाव मेजर रॉबर्ट गिल. मद्रासच्या फौजेतील अधिकारी. जेम्स फर्ग्युसन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १८४३ साली लंडनमध्ये निबंध वाचून लेण्यांची पडझड मांडली. त्यानंतर १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने गिलला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमले. गिल आला तो परत गेलाच नाही. अजिंठा गावातील बारादरीत त्याने बिऱ्हाड केले आणि वर्षानुवर्षे, वटवाघळांच्या घाणीत आणि अंधारात, मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात चित्रे उतरवली. ती जहाजाने विलायतेला गेली. लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती मांडली आणि डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागून त्यातील बहुतेक जळून गेली. माणसाच्या आयुष्यातील वीस वर्षांचे काम एका रात्रीत गेले म्हणा ना.

पण आगीच्या आधीच गिलच्या हातात कॅमेरा आला होता. १८६४ साली त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनला निघाली. मजकूर त्याच फर्ग्युसनचा. एकात ७४ छायाचित्रे, दुसऱ्यात १००. त्या काळी छापखान्यात अक्षरांबरोबर फोटो छापता येत नसे. म्हणून प्रत्येक फोटो वेगळा काढून प्रत्येक प्रतीत हाताने चिकटवावा लागे. १०० फोटोंचे पुस्तक जोडचित्रांचे होते. आपल्या दोन डोळ्यांना वस्तू जरा वेगवेगळी दिसते. तशीच किंचित फरकाने घेतलेली दोन चित्रे शेजारी शेजारी लावायची आणि भिंगाच्या पेटीतून पाहायची, की खांब पुढे येतात आणि गाभारा मागे जातो. जत्रेत आपण जसे पेटीला डोळे लावून बसायचो, तसे लंडनमधील साहेब-मडमा अजिंठ्याला डोळे लावून बसल्या असतील.

गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. रोज किती गाड्या तिथून जातात, किती प्रवासी फलाटावर केळी घेतात. पण दोन फर्लांग वाट वाकडी करून तिथे जाणारा विरळाच. त्याच्याबरोबर राहिलेली इथलीच पारो नावाची स्त्री १८५६ मध्ये वारली. तिची समाधी अजिंठा गावात आहे, आणि तिच्यावरचा लेख गिलनेच लावलेला आहे. या दोघांवर ना. धों. महानोरांनी दीर्घकाव्य लिहिले आणि पुढे २०१२ मध्ये चित्रपटही आला. गिलने वाघ टिपले, मंदिरे टिपली, लेणी टिपली. पारोचा फोटो मात्र माझ्या पाहण्यात कुठल्याच पुस्तकात आलेला नाही.

गिलनंतरची हकिगत थोडक्यात सांगतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात पेस्तनजी बोमनजींसारख्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्या कितीतरी १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. उरल्यासुरल्यांवरून १८९६-९७ मध्ये दोन खंड निघाले. मग निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भाग काढले, ते छायाचित्रांवरून. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे पुस्तक १९३२ चे. १९५४ साली युनेस्कोने मोठा चित्रसंग्रह काढला, त्याला पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे. आणि बिनॉय बहल यांनी १९९० नंतर फ्लॅश न वापरता, अगदी मंद उजेडात जे फोटो घेतले, त्यांचे पुस्तक १९९८ मध्ये आले. अंधारात बुडालेले रंग त्या पुस्तकात दिसतात. प्रत्यक्ष लेण्यात उभे राहूनही ते तितके दिसत नाहीत, हे कबूल केले पाहिजे.

म्हणजे ही पुस्तके नुसती दिवाणखान्याची शोभा नाहीत. मूळ चित्रे ओल, किडे, माणसांचे हात आणि दुरुस्तीसाठी लावलेले पण पुढे पिवळे पडलेले व्हार्निश यांनी खराब होत गेली. नकला आगीत गेल्या. कोणत्या साली कोणते चित्र किती शिल्लक होते, याचा पुरावा आज जुन्या फोटोंतच सापडतो.

माझी तक्रार फोटोंबद्दल नाही, फोटोखालच्या ओळींबद्दल आहे. गिलच्या ७४ चित्रांच्या पुस्तकाच्या नावातच लेण्यांना ‘मंदिरे’ म्हटले आहे, आणि तो शब्द अजूनही अनेक पुस्तकांत जसाच्या तसा चालतो. अजिंठ्यात पाच चैत्यगृहे आहेत, बाकीचे विहार. भिक्खूंनी राहायचे, वर्षावास करायचा, धम्म शिकायचा. १० क्रमांकाच्या लेण्यात दर्शनी भाग दान देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: वासिठीपुत कटहादी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे नाव भिंतीवर टिकले आणि चकचकीत पानावर त्याला एक ओळ मिळत नाही! खाली लिहिलेले असते ते एवढेच: ‘प्राचीन भारतीय कला’.

आणखी एक पान सांगतो. या पुस्तकांत दौलताबादचा किल्ला बहुधा असतोच. चढत जाणारा डोंगर, मिनार, खंदक. फोटो सुंदरच येतो. या किल्ल्यावर १९३४ साली बाबासाहेब गेले होते. चळवळीतील तीसेक सहकाऱ्यांना घेऊन ते वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. म्हणजे आजच्या भाषेत सहलच. वाटेत दौलताबादला सर्वांनी किल्ल्याबाहेरच्या हौदावर प्रवासाची धूळ धुतली. तेवढ्यावरून एक म्हातारा ओरडत आला, लोक जमले, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला तो या अटीवर, की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि त्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. ही हकिगत बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः लिहून ठेवली आहे. दौलताबादचे पान उघडले की माझी नजर मिनाराकडे जात नाही, तो हौद कुठे दिसतो का, हे शोधते.

त्याच लिखाणात आपले चाळीसगावही आहे. १९२९ साली धुळ्याकडील एका गावातील बहिष्काराची चौकशी करून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. टांगेवाला त्यांना नेईना. शेवटी टांगा घेतला आणि हाकायला वस्तीतलाच एक माणूस बसला. त्याला सवय नव्हती. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पायाचे हाड मोडले.

याच चाळीसगावात स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस राहत (१९१२ ते १९८९). इंग्लंडात शिकून आलेले छायाचित्रकार. आयुष्याची कितीतरी वर्षे घराबाहेर न पडता, टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी डोंगर-दऱ्यांचे देखावे उभे केले आणि त्यांचे फोटो काढले. देशाचा निसर्ग टिपायला देशभर हिंडावेच लागते असे नाही, हे या माणसाने दाखवले. त्यांच्या कलादालनात एकदा मुलांना घेऊन जा.

तिथून दक्षिणेला सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोरे आहे. अजिंठ्याएवढे जुने, पण जाड पुस्तकांत क्वचितच दिसते. तिथल्या यक्षाच्या मूर्तीच्या हातावर कारागिराचे नाव आहे. कण्हदास, धंद्याने सोनार. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सुंदर देशाचे सुंदर फोटो पाहताना ‘हे केले कुणी’ असे विचारावेसे वाटते, आणि इथे कारागिराने विचारण्याआधीच उत्तर देऊन ठेवले आहे!

कष्टकऱ्यांनाच पुस्तकाचा विषय करणारे छायाचित्रकारही आपल्यात आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर पुस्तक केले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या पुस्तकात एकही घुमट नाही, तरी तेही याच देशाचे चित्र आहे.

आता अडचण किमतीची. ही पुस्तके महाग असतात, ती विकत घ्या असे मी सांगणार नाही. पण गावच्या वाचनालयात मागा, आणि कपाटाला कुलूप असेल तर किल्ली मागा. वस्तीतील विहारात मिळून एक प्रत घेतली तर पन्नास घरांना पुरते. बाबासाहेबांचा छायाचित्रांचा खंड, शासनाने काढलेला २२ वा, त्याच्या शेजारी ठेवता येईल.

आणि पुस्तक पाहून झाले की एक दिवस काढा. जळगावहून फर्दापूरमार्गे अजिंठा साठेक किलोमीटर आहे. दशम्या-चटणी बांधून सकाळच्या एसटीने निघालात तर संध्याकाळी घरी. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढे लक्षात ठेवा. फोटो काढायला हरकत नाही, फक्त फ्लॅश चालत नाही. २६ क्रमांकात तथागतांचे महापरिनिर्वाण आहे, तिथे घाई करू नका.

१० क्रमांकाच्या चैत्यगृहात मुलांना एक खांब दाखवा. त्यावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने एप्रिल १८१९ मध्ये आपले नाव कोरले आहे. ते डोक्याच्याही वर आहे. मुले विचारतील, एवढा उंच होता का तो? नव्हता. तेव्हा लेण्यात चार-पाच फूट ढिगारा साचला होता, आणि तो त्यावर उभा होता.