गुरुजींचे अठरा कारखाने

मंचरच्या एस.टी. स्थानकावर सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मंडळींत प्राथमिक शिक्षक कोणता, हे ओळखण्यास पूर्वी धोतर, काळी टोपी आणि छत्री एवढी खूण पुरे होई. आता ती ओळख पिशवीतून डोकावणाऱ्या मतदारयाद्यांच्या गठ्ठ्यावरून पटते. शिवकालीन कारभारात बारा महाल आणि अठरा कारखाने होते, असे आपण लहानपणी घोकले. परंतु ते सारे कारखाने एकहाती चालविणारा इसम शिवनेरीच्या या मुलखात आज कोणास पाहावयाचा असेल, तर तो जिल्हा परिषदेच्या शाळेतच सापडेल. मतदारनोंदणी, पोषण आहारातील तांदळाचा हिशेब, आधारक्रमांकांची जुळणी, यूडायस या शालेय माहितीनोंदणीचे रकाने, निरनिराळ्या सर्वेक्षणांचे तक्ते आणि उरलेल्या वेळात अध्यापन, असा त्याचा दिनक्रम असतो. 'आम्हाला शिकवू द्या' ही घोषणा अलीकडे शिक्षकांच्या मोर्चांतून ऐकू येते ती यामुळेच. आणि मजुराने काम मागावे तसे शिक्षकाने शिकविणे मागावे, यात जो उपरोध आहे तो मागणाऱ्यांनाही जाणवत असणार.

या तक्रारीचे मूळ शोधू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट हाती लागते. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकाचा दरमहा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी तो पंधरा-वीस असावा, नांगराच्या मुठीला हात लावण्याची ज्यांना लाज वाटत नाही अशा कुळांतून हे शिक्षक यावेत, अशी मागणी केली. आणि त्याच ओघात, शिक्षकाची गावातील प्रतिष्ठा वाढावी म्हणून गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपाल, मुद्रांकांची विक्री ही कामे त्याच्याकडे सोपवावीत, असेही सुचविले. म्हणजे ओतूर-जुन्नरच्या सत्यशोधकांनी ज्यांना आपले मानले, त्या जोतीरावांनी शिक्षकासाठी जादा कामे मागितली, आणि त्यांचा वारसा सांगणाऱ्या संघटना ती टाळण्यासाठी झगडत आहेत! पण ही विसंगती वरवरची आहे. फुल्यांना अभिप्रेत असलेल्या कामांत अधिकार होता. गावचा जमाखर्च तपासणाऱ्या मास्तराकडे गाव आदराने पाहील, ही त्यामागची अटकळ होती. आजच्या कामांत आहे तो केवळ हुकूम, आणि मुदत चुकल्यास खुलाशाची नोटीस.

बारा रुपयांपासून वेतन आयोगांपर्यंतचा प्रवास एकट्यादुकट्याच्या अर्जविनंत्यांनी झालेला नाही. लोकल बोर्ड आणि स्कूल बोर्ड यांच्या अमलाखालून प्राथमिक शाळा १९६२ साली जिल्हा परिषदांकडे आल्या, आणि मास्तरांचा धनी दूरच्या कचेरीतून उठून शेजारच्या गावचा पुढारी झाला. तेव्हापासून बदली हे शिक्षणखात्याचे साधन न राहता राजकारणाचे हत्यार बनले. महाराष्ट्र राज्य प्राथमिक शिक्षक संघ आणि भा. वा. शिंपी गुरुजींच्या नावाशी निगडित असलेली प्राथमिक शिक्षक समिती या संघटनांचे बळ वाढले ते या धास्तीच्या हवेत. १९७७-७८ च्या हिवाळ्यातील राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या चौपन्न दिवसांच्या संपात शिक्षकही उतरले होते. २००० साली शासनाने 'शिक्षणसेवक' हे पद निर्माण करून नवशिक्षकास वेतनाऐवजी तुटपुंजे मानधन देऊ केले. ते सहा हजारांवरून सोळा हजारांवर जाण्यास २०२३ साल उजाडावे लागले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांना जुने निवृत्तिवेतन मिळावे म्हणून आठवडाभर संप झाला.

येथे एक आडवाट. राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाने विधानपरिषदेच्या एक-द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडावयाच्या ठेवल्या; परंतु मतदार शिक्षक माध्यमिक शाळेच्या खालचा नसावा, अशी अट घातली. त्यामुळे इतरांच्या मतदारयाद्या तयार करीत दारोदार हिंडणाऱ्या प्राथमिक शिक्षकाचे नाव शिक्षक मतदारसंघाच्या यादीत नसते. याविषयी संघटनांनी याहून मोठा गलबला करावयास हवा होता, असे मला वाटते.

संघटनांचे दोष झाकण्याचे कारण नाही. तालुक्यातालुक्यांत शिक्षकांच्या पतसंस्था आहेत. अडल्यानडल्या गुरुजीला सावकाराच्या दारी जाऊ न देण्याचे मोठे कार्य त्यांनी केले. परंतु त्यांच्या निवडणुकांत जो ईर्ष्येचा धुरळा उडतो, त्यात कोणत्या गटाची सरशी झाली हे गावास कळते, आणि चौथीच्या मुलास वाचता येते काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. सुगम शाळा पदरात पाडून घेण्यासाठी नेत्यांच्या घरी होणारे हेलपाटे २०१७ च्या संगणकीय बदली-धोरणाने पुष्कळ कमी केले. त्या धोरणास झालेल्या विरोधात तत्त्व किती आणि सोय किती, याचा निवाडा ज्याने त्याने करावा.

जेथे शिक्षकाचे हित आणि मुलाचे हित एकच ठरते, तेथे मात्र या संघटनांचा शब्द वजनदार होतो. मंचरच्या बागायती पट्ट्यातून घोडेगाव, डिंभे मागे टाकून आहुप्याकडे चढू लागले की उसाचे शिवार संपते, हिरड्याची झाडे दिसू लागतात, आणि महादेव कोळ्यांच्या वाड्यावस्त्यांतील शाळांचा पट बोटांवर मोजण्याइतका उतरतो. शिक्षणहक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत दोहोंपैकी एक कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला, तेव्हा त्याच महिन्याच्या २५ तारखेस राज्यभरातील शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले, आणि काही महिन्यांत तो निर्णय मागे घेण्यात आला. शिक्षणहक्क कायद्याचेच २७ वे कलम जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण एवढीच कामे शिक्षकास लावू देते. ३० जुलै २०१४ रोजी येथील माळीण गावावर डोंगर कोसळल्यापासून या तालुक्यात 'आपत्ती' हा शब्द पुस्तकी उरलेला नाही, आणि त्या कामास नकार देणारा गुरुजी मला येथे भेटलेला नाही. तक्रार आहे ती रोजच्या रकान्यांची. कारण दोन शिक्षकांपैकी एक टपाल घेऊन घोडेगावच्या पंचायत समितीत गेला की उरलेला एकटा पहिली ते चौथी एका खोलीत बसवितो. पहिलीला पाटीवर अक्षरे गिरवावयास लावतो, चौथीला गणिते घालतो, मध्येच उठून भाताचे पातेले शिजले का ते पाहून येतो, आणि भ्रमणध्वनीस रेंज मिळावी म्हणून शाळेमागच्या टेकाडावर चढतो, कारण आजची हजेरी वर पाठवावयाची राहिलेली असते.