ओवी आणि अंगण : चार्ल्स कोरिया यांचे दादरचे ख्रिस्तमंदिर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते या शाळेत चित्रकला आणि भूमिती शिकवीत. मराठीच्या प्राध्यापकाने त्यांच्या नावाच्या व्याख्यानात एखाद्या कवीवर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. मी मात्र आज एका इमारतीविषयी आणि तिच्या शिल्पकाराविषयी बोलणार आहे. याचे कारण थोडे खाजगी आहे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, याच शहरात, फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’वर बोलताना मी ओघात दादरच्या पोर्तुगीज चर्चचा उल्लेख केला आणि ‘सिमेंटचे कोठार’ या शब्दांत त्याची संभावना केली. श्रोते हसले. व्याख्यान संपल्यावर गुरुजी जवळ आले आणि त्यांनी एवढेच विचारले, “सर, आपण आत जाऊन आलात का?” मी आत गेलो नव्हतो. गोखले रस्त्यावरून जाताना बसच्या खिडकीतून जेवढे दिसले तेवढ्यावर मी निकाल दिला होता.

दूरवरून आलेल्या धर्माने इथल्या मातीत घर बांधायचे ते कोणत्या आकाराचे, हा त्या दिवशीचा मूळ प्रश्न होता. सुरतकरांना तो नवा नाही. कतारगामच्या दिशेला इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. तेथे ऑक्सिंडेन बंधूंचे दुमजली, घुमटाचे स्मारक उभे आहे. क्रिस्टोफर १६५९ साली वारला, सर जॉर्ज १६६९ साली. हा जॉर्ज म्हणजे १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला गृहस्थ. त्याच्या थडग्यावर इंग्लंडातल्या खेड्यातले टोकदार मनोरे नाहीत. मोगल मकबऱ्याचे घुमट आणि मोकळ्या कमानी आहेत. मेल्यावर का होईना, साहेबाने इथला आकार पत्करला. अर्थात तो भक्तीपेक्षा दिमाखासाठी पत्करला, हेही सांगून टाकले पाहिजे.

स्टीफन्सचे तसे नव्हते. हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली रायतूर येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले. सुमारे अकरा हजार ओव्या, अक्षरे रोमन, भाषा मराठी. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांचे कान पुराणाला सरावलेले आहेत; त्यांना येशूचे चरित्र ऐकवायचे तर ते ओवीतच ऐकवले पाहिजे, हे त्याने जाणले. माझा पीएच. डी.चा प्रबंध याच ओवीवर होता. गंमत अशी की, ज्या गोव्यात ही ओवी रचली गेली तेथेच दगडी चर्चे मात्र थेट युरोपच्या नमुन्यावर उभी राहत होती. शब्दाने जे केले ते वास्तूला साधले नाही. माझ्या प्रबंधात हे वाक्य मी मोठ्या डौलाने लिहिले होते. ते साधू पाहणारी एक वास्तू दादरला उभी आहे, हे मला ठाऊक नव्हते.

चार्ल्स कोरिया यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबाद येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये, नंतर अमेरिकेत, प्रथम मिशिगन विद्यापीठात आणि मग मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. त्यांना केवळ चर्चचे वास्तुशिल्पी म्हणणे चूक ठरेल; चर्चे त्यांनी थोडीच बांधली. परंतु दादरचे काम त्यांच्या हातात आले तेव्हा ज्या विचाराने ते घडले तो आधीच्या पंधरा वर्षांत आपल्या गुजरातेतच पिकला होता, म्हणून क्षणभर अहमदाबादला थांबू.

साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद अशा चौरस खणांची ती मांडणी आहे. काही खणांवर कौलारू उतरते छप्पर, काही उघडे. मध्ये पाण्याचा चौक. काचेची खिडकी नाही, लाकडी झडपांतून वारा आणि उजेड येतो. विटेच्या खांबांमधून चालताना माणूस आत कधी गेला आणि बाहेर कधी आला हे त्याला समजत नाही. याच सुमारास कोरियांनी गुजरात गृहनिर्माण मंडळाच्या स्पर्धेसाठी ‘नळीघरा’चा नमुना केला. घर अरुंद आणि लांब, छप्पर दोन्हीकडून चढते, माथ्याशी फट. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि फटीतून निघून जाते. तिच्या जागी खालून गार हवा ओढली जाते. पंखा न लावता घर श्वास घेते. हा नमुना पुढे १९९५ साली पाडण्यात आला. पण त्यातली युक्ती त्याआधीच दादरला जाऊन पोहोचली होती.

दादरच्या ‘अवर लेडी ऑफ साल्व्हेशन’ या धर्मग्रामाची स्थापना १५९६ ची, फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या काळची. म्हणून लोकांच्या तोंडी पोर्तुगीज चर्च. आज तेथे जी वास्तू दिसते ती १९७४ ते १९७७ या काळातील. मधल्या काळात रोममध्ये एक मोठी घटना घडून गेली होती. १९६२ ते १९६५ या वर्षांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणणारा धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला. वेदी भिंतीपासून सुटली. भाविक हे प्रेक्षक नसून उपासनेत सहभागी आहेत, असे ठरले. आता लांबच लांब दिवाणखाना आणि टोकाला उंच वेदी ही जुनी मांडणी या विचाराला पुरणार कशी? जगभरच्या वास्तुशिल्पींपुढे हा प्रश्न एकाच वेळी येऊन पडला.

आयर्लंडमधले एक उदाहरण देतो. आपल्या सुरतेत आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनची माणसे १८४० च्या दशकात आली, त्यामुळे त्या देशाचे नाव येथे अगदीच परके नाही. मात्र हे उदाहरण तिथल्या कॅथलिकांचे आहे. डेरीचे लियम मॅककॉर्मिक (१९१६ ते १९९६) यांनी आयुष्यभर प्रामुख्याने चर्चे बांधली. डोनेगल परगण्यात बर्ट नावाच्या ठिकाणी त्यांनी बांधलेले सेंट एंगस चर्च १९६७ साली पुरे झाले. ते वर्तुळाकार आहे. का? तर वरच्या टेकडीवर ग्रियानान नावाचा प्राचीन दगडी गोल कोट आहे, आणि गावाच्या नजरेत तो आकार शेकडो वर्षे मुरलेला आहे. त्यांनी तो उचलला, भिंत दगडाची ठेवली, वर तांब्याचे छप्पर चढवले आणि शिखर मधोमध न ठेवता वेदीवर सरकवले, म्हणजे वरचा उजेड नेमका तेथे उतरेल. थंड, वाऱ्यापावसाच्या मुलखात गोल भिंतीने लोकांना कवेत घेणे शहाणपणाचेच होते. दादरला तीच भिंत बांधली असती तर मे महिन्यात भाविक उकडून निघाले असते.

कोरियांनी भिंतीऐवजी अंगण घेतले. येशूच्या चरित्रातील बाप्तिस्मा, लोकांत फिरून केलेला उपदेश आणि अखेरचे बलिदान या टप्प्यांना अनुसरून त्यांनी एकमेकांत गुंतलेल्या जागा कल्पिल्या. काही जागांवर काँक्रीटची उंच कवचे, काहींवर नुसते आकाश. कवचांचा आकार वर निमुळता होत जातो आणि तापलेली हवा माथ्यातून बाहेर पडते. खाली चौकातली हवा तिची जागा घेते. हेच ते अहमदाबादचे नळीघर. मोठ्या सणाला गर्दी झाली की उपासना अंगणात पसरते. छतावरचे चित्रकाम मकबूल फिदा हुसेन यांचे. पंढरपुरात जन्मलेला मुसलमान चित्रकार, गोवेकर घराण्यातला ख्रिस्ती वास्तुशिल्पी आणि दादरचा मराठी परिसर, हा योग मला ‘ख्रिस्तपुराणा’इतकाच हृद्य वाटतो.

गुरुजींच्या प्रश्नानंतर एका मे महिन्यात मी मुद्दाम दुपारी दोन वाजता तेथे गेलो. बाहेरून मत बदलले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. उघडे काँक्रीट मुंबईच्या पावसात काळवंडते आणि त्यावर प्रेम करणे मला आजही जड जाते. आत गेलो. रस्त्याचा गोंगाट दोन पावलांत मागे पडला. एक कोळीण रिकामी पाटी शेजारी ठेवून सावलीत बसली होती. ती प्रार्थना करीत होती की विसावा घेत होती हे सांगता येत नव्हते, आणि तेथे ते कोणी विचारतही नव्हते. आपल्या देवळाच्या सभामंडपात असेच चालते. मी तासभर बसलो. अंगावरचा घाम हळूहळू सुकला.

एक आक्षेप मात्र माझ्या मनातून गेलेला नाही. पोर्तुगीज वळणाचा दर्शनी भाग, पांढरा चुना, घंटेचा मनोरा हे सारे मूळचे परके खरे. परंतु जेथे पिढ्यान्‌पिढ्यांची लग्ने आणि मर्तिके झाली ते परके कसे उरेल? ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांबरोबर आला आणि आज उपासाच्या ताटात बसला आहे. चौकाची परंपरा ही हिंदी परंपरा आणि चुनेगच्ची मनोऱ्याची ती परदेशी, असा सरळ निवाडा मला करवत नाही. कोरिया स्वतः गोवेकर. हा पेच त्यांना जाणवला नसेल असे वाटत नाही. पणजीत मांडवीच्या काठी त्यांनी कला अकादमी बांधली. तेथे भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रे आहेत, आणि भर वस्तीतला माणूस तिकीट न काढता आरपार नदीपर्यंत चालत जाऊ शकेल अशी ती रचना होती. २०२३ च्या जुलैत, दुरुस्तीचे काम चालू असताना, तिथल्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. वर्तमानपत्रात ते छायाचित्र पाहून मी बराच वेळ अस्वस्थ होतो.

पुढचे काम फार मोठे आहे. ते येथे धावतेच घेतो. नवी मुंबईची मूळ कल्पना त्यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह १९६० च्या दशकात मांडली. बेलापूरला सात-सात घरांमध्ये एकेक अंगण ठेवून गरिबालाही आकाशाचा वाटा दिला. पुण्याचे आयुका, भोपाळचे भारत भवन आणि विधानभवन, जयपूरचे जवाहर कला केंद्र ही नावे आपण ऐकली असतील. केरळात परुमला येथील ऑर्थोडॉक्स चर्च २००० साली पुरे झाले; तेथे त्यांनी वर्तुळ स्वीकारले, मॅककॉर्मिक यांच्याप्रमाणे, पण निराळ्या कारणांनी. १९८४ साली ब्रिटिश वास्तुशिल्पी संस्थेचे सुवर्णपदक आणि २००६ साली पद्मविभूषण त्यांना मिळाले. १६ जून २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

दादरहून परतल्यावर मी गुरुजींना एक पोस्टकार्ड टाकले : ‘आत जाऊन आलो. शब्द मागे घेतो.’ आठ दिवसांनी उत्तर आले. कार्डावर पेन्सिलीने काढलेला त्या चर्चचा नकाशा होता, चौक आणि कवचे वेगवेगळ्या रेघांनी दाखवलेली, आणि खाली एक ओळ : ‘पावसाळ्यातही एकदा जावे, पाणी कसे उतरते ते पाहावे.’ ते कार्ड मी आज सोबत आणले आहे. व्याख्यानानंतर चित्रकलेच्या वर्गातील मुलांनी ते अवश्य पाहावे. रेघा पुसट झाल्या आहेत, तेव्हा खिडकीजवळ धरून पाहावे लागेल.