थायरॉइडची शस्त्रक्रिया: पॅराथायरॉइडबद्दलचे गैरसमज

थायरॉइड काढायची ठरली की रुग्ण आवाजाबद्दल विचारतो, गळ्यावरच्या व्रणाबद्दल विचारतो. पॅराथायरॉइडचं नाव मात्र बहुतेकांच्या कानावर ऑपरेशननंतरच पडतं.

गैरसमज: पॅराथायरॉइड म्हणजे थायरॉइडचाच एक तुकडा.

वस्तुस्थिती: या वेगळ्या ग्रंथी आहेत. बहुतेकांना चार असतात, थायरॉइडच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तातलं कॅल्शियम योग्य पातळीवर ठेवणं हे त्यांचं काम. माणसाच्या शरीरातल्या या ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केलं. त्याआधी रिचर्ड ओवेन यांना त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात दिसल्या होत्या.

गैरसमज: ऑपरेशननंतर हातापायांना मुंग्या येतात त्या अशक्तपणामुळे.

वस्तुस्थिती: ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येणं, स्नायूंत गोळे येणं, ही कॅल्शियम उतरल्याची लक्षणं असू शकतात. ती अंगावर काढू नयेत, लगेच डॉक्टरांना कळवावीत. थायरॉइड काढताना दुखावलेल्या या ग्रंथी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात. थोड्या रुग्णांना मात्र कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या कायमच्या लागतात.

गैरसमज: सर्जनचा हात मुरलेला असेल तर पॅराथायरॉइड ओळखायला खास कॅमेऱ्याची गरजच काय?

वस्तुस्थिती: पिवळसर तपकिरी पॅराथायरॉइड, चरबीचा कण आणि छोटी लसिकाग्रंथी यांत फरक करताना अनुभवी डोळाही फसतो. काढलेल्या थायरॉइडसोबत एखादी पॅराथायरॉइड निघून आल्याचं कधीकधी पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्येच कळतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की सुमारे ७८५ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टाकला की ही ग्रंथी आपणहून चमकते. ही चमक डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. थिएटरमधले दिवे थोडा वेळ मंद करतात आणि पडद्यावर करड्या ऊतींमध्ये ग्रंथी पांढरी उठून दिसते. त्यासाठी इंजेक्शन लागत नाही, क्ष-किरणही नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये ही चमक टिपणाऱ्या दोन उपकरणांना परवानगी दिली.

गैरसमज: चमकली म्हणजे वाचली.

वस्तुस्थिती: सर्वांत धोक्याचा गैरसमज हाच. रक्तपुरवठा तुटलेली, इतकंच काय, शरीराबाहेर काढलेली ग्रंथीही चमकते. कॅमेरा जागा सांगतो, जीव आहे की नाही ते सांगत नाही. रक्त पोहोचतंय का हे पाहायला इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य शिरेतून देतात. त्यात आयोडीन असल्यामुळे अॅलर्जी आधी विचारावी लागते. रक्तपुरवठा तुटलाच, तर ग्रंथीचे बारीक तुकडे करून ते मानेच्या स्नायूत रुजवतात.

गैरसमज: कॅमेरा नसलेल्या रुग्णालयात ऑपरेशन करूच नये.

वस्तुस्थिती: कॅमेऱ्यामुळे सुरुवातीला कॅल्शियम उतरण्याचं प्रमाण कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. कायमचा त्रास किती टळतो, याचा पुरावा अजून तितका पक्का नाही. शिवाय अर्धीच थायरॉइड काढायची असेल तर दुसऱ्या बाजूच्या ग्रंथी शाबूत राहतात आणि धोका मुळातच कमी असतो. म्हणून सर्जनला आधी हे विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, आणि ऑपरेशननंतर कॅल्शियम व पॅराथायरॉइड हार्मोनची तपासणी कधी होणार? कॅमेऱ्याचं नंतर विचारलं तरी चालेल.