मातीची शाळा, सातासमुद्रापार



कॉलेजात पुरातत्त्व शिकणारी मुलगी एके दिवशी म्हणते, "बाबा, मला परदेशात उत्खननाच्या शिबिराला जायचंय." अशा वेळी घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. आधी ते काम काय असते, हे समजून घ्या.

आपल्या गावाशेजारी पांढरीचे टेकाड असते ना, तसेच एक मोठे टेकाड तुर्कस्तानात कोन्या शहराजवळ आहे. नाव चातालह्युयुक. सुमारे ९००० वर्षांपूर्वी तेथे शेती करणारी माणसे राहत. घरे एकमेकांना खेटलेली, शिरायची वाट छपरातून. इयान हॉडर यांनी १९९३ ते २०१८ या काळात तेथे उत्खनन चालविले आणि देशोदेशीचे विद्यार्थी त्या मातीत शिकले.

अशा शिबिरात कुदळ कमी आणि लहान थापी व ब्रश जास्त चालतो. मातीचा एकेक थर सोलायचा, रंग बदलला की थांबायचे, मोजायचे, वहीत लिहायचे. काढलेली माती चाळायची. काही माती पाण्यात टाकतात, म्हणजे जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. बाजरीच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करताना हलके दाणे वर येतात, तसाच हा प्रकार. चातालह्युयुकला असे गहू, सातू, वाटाणा, मसूर सापडले. त्यात आपला खपली गहूही होता! चिमटीत माती चोळून पोत ओळखणारी शेतकऱ्याची मुलगी या कामात मागे पडणार नाही.

आता पैशाचे बोलू. येथे मजुरी मिळत नाही, उलट विद्यार्थ्यालाच फी भरावी लागते. चार-सहा आठवड्यांची फी हजारो डॉलरपर्यंत जाते, विमानभाडे बहुधा वेगळे. त्यासाठी जमीन गहाण टाकू नका. शिष्यवृत्ती मिळते का, हे आधी पाहा. अनेक शिबिरे जून-जुलैत, म्हणजे ऐन पेरणीच्या धांदलीत असतात. घरातले दोन हात कमी होतील, तोही हिशेब धरा.

पैसे भरण्यापूर्वी एवढे लेखी विचारा: उत्खननाचा सरकारी परवाना कोणाच्या नावे आहे? राहणे, जेवण, विमा फीत धरला आहे का? मुलींच्या राहण्याची सोय कशी? तेथले गुण आपले कॉलेज मानते का? उत्तर टाळले, तर पैसे पाठवू नका. मुलीलाही बजावा, सापडलेले खापर खिशात घालायचे नाही. तो गुन्हा आहे.

आणि पहिला धडा घरचाच घ्या. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तेथेही ३००० वर्षांपूर्वीचा सातू सापडला. प्राध्यापकांकडे चौकशी करून आधी इथल्या एखाद्या उत्खननात मुलीला एक हंगाम काढू द्या. उन्हात, धुळीत तिचे मन रमले, तर परदेशाचा खर्च विचार करण्याजोगा. नाही रमले, तरी नुकसान काही नाही.

मात्र "मुलीच्या जातीला हे कशाला?" एवढ्या कारणावरून तिला अडवू नका. खुरपणीला तिला आपण कधी अडवले होते?