मागच्या बाकावरून दिसणारा भाषेचा तास

दुसऱ्या शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर बसून तो पाहणे ही शिक्षकी पेशात नवलाची गोष्ट नाही, बी.एड.च्या विद्यार्थ्याला सराव पाठांबरोबर पाठनिरीक्षणेही करावी लागतात, आणि पुढे नोकरीत केंद्रप्रमुखांची वर्गभेट व शेरेबुकातला शेरा त्याच्या वाट्याला येतोच. परंतु या दोन्ही ठिकाणी पाहणे मूल्यमापनाला जुंपलेले असल्यामुळे निरीक्षण वहीत ‘आवाज स्पष्ट’, ‘फलकलेखन नीटनेटके’, ‘विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला’ अशी वाक्ये उतरतात, जी कोणत्याही तासाला, अगदी न पाहिलेल्या तासालाही, बिनदिक्कत लागू पडतात.

यामागे आणखी खोल कारण आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले, की शालेय शिक्षण संपेपर्यंत अमेरिकेतील विद्यार्थ्याने शिक्षकांच्या समोर सुमारे १३ हजार तास काढलेले असतात, आणि शिक्षक झाल्यावर तो नकळत याच दीर्घ उमेदवारीतून उचललेल्या पद्धतीने शिकवू लागतो. या उमेदवारीत शिक्षकाची कृती दिसते, त्या कृतीमागचा विचार दिसत नाही. तरीही तास कसा असतो हे आपल्याला ठाऊकच आहे, असा समज पक्का होतो. त्यामुळे मागच्या बाकावर बसलेला निरीक्षक बहुधा समोरचा तास आपल्या आठवणीतल्या तासाशी ताडून पाहतो आणि जुळले की ‘चांगला’ म्हणतो.

यावर उपाय म्हणून मोजणीची साधने निघाली. नेड फ्लँडर्स यांच्या आंतरक्रिया विश्लेषण पद्धतीत निरीक्षक दर ३ सेकंदांनी वर्गात काय चालले आहे ते १० प्रकारांपैकी एकाच्या आकड्याने नोंदवतो. त्यांतले ७ प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, २ विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि शेवटचा शांततेचा किंवा गोंधळाचा असतो. भारतातील शिक्षकप्रशिक्षणात ही पद्धत अनेक वर्षे शिकवली गेली, आणि खरे सांगायचे तर ती वर्गापेक्षा प्रश्नपत्रिकेतच अधिक नांदली. शिक्षक किती बोलतो हे तिच्यातून लख्ख कळते. परंतु विचार करणाऱ्या मुलाची शांतता आणि वर्गातला गलका तिच्या लेखी एकाच खणात जातात, आणि कोण कोणत्या भाषेत बोलले याची नोंद होत नाही. भाषेच्या तासात तर हीच गोष्ट मुख्य असते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजमध्ये भाषाशिक्षकांना घडवणारे जॉन फॅन्सेलो यांनी वेगळी वाट धरली. त्यांचा आग्रह असा, की दुसऱ्याचा वर्ग पाहायचा तो त्याला सुधारण्यासाठी किंवा गुण देण्यासाठी नव्हे, तर स्वतःचे शिकवणे निराळ्या नजरेने दिसावे म्हणून. आणि त्यासाठी चांगले-वाईट हे शब्द बाजूला ठेवून काही मिनिटांचे प्रत्यक्ष बोलणे जसेच्या तसे उतरवून घ्यावे.

असे उतरवून घेतल्याने काय हाती लागते, हे एका कल्पित पण सहज घडू शकणाऱ्या संवादावरून पाहता येईल. मुंबईतल्या एखाद्या शाळेत हिंदी घरभाषा असलेला मुलगा मराठीच्या तासाला सांगतो, “सर, माझी पुस्तक घरी राहिली.” शिक्षक म्हणतात, “तुझं पुस्तक घरी राहिलं? बरं, शेजारच्याच्यात बघ.” मुलगा “हो” म्हणून सरकून बसतो. शेरेबुकाच्या दृष्टीने येथे काहीच घडले नाही. वहीत उतरवलेल्या तीन ओळींत मात्र दिसते, की हिंदीत स्त्रीलिंगी असलेला शब्द मुलाने तसाच मराठीत आणला, शिक्षकांनी चूक न दाखवता वाक्य शुद्ध रूपात परत उच्चारले, आणि मुलाने त्यातली सूचना तेवढी ऐकली, दुरुस्ती ऐकली की नाही ते कळायला मार्ग नाही.

अशा शुद्ध पुनरुच्चाराचा अभ्यास रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या प्राथमिक वर्गांत केला, जिथे मुले आपली नसलेली भाषा इतर विषयांच्या अभ्यासातून शिकत होती. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून अधिक याच प्रकारच्या होत्या, परंतु त्यांतील एक तृतीयांशाहूनही कमी दुरुस्त्यांवर मुलांनी काही प्रतिसाद दिला, याउलट, “काय राहिलं?” अशा धाटणीचा, योग्य रूप मुलाकडूनच काढून घेणारा प्रश्न आला, की ती दर वेळी काहीतरी बोलली. लगेच प्रतिसाद दिला म्हणजे भाषा आली असे नव्हे, आणि पुनरुच्चाराच्या उपयोगाविषयी अभ्यासकांत पुढेही वाद होत राहिले. मागच्या बाकावरच्या शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की आपणही दिवसभर हेच करतो हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना प्रथम जाणवते, कारण स्वतः शिकवत असताना मूल काय म्हणाले याकडेच सारे लक्ष असते.

प्रश्नानंतरच्या शांततेचेही तसेच आहे. मेरी बड रो यांच्या संशोधनात शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे दिसले, आणि ते सुमारे तीन सेकंद थांबू लागल्यावर मुलांची उत्तरे लांबली.

महाराष्ट्रात या पाहण्याला आता नवे प्रयोजन मिळाले आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे घरी हिंदी, गुजराती किंवा तमिळ बोलणाऱ्या मुलांना ती शिकवणाऱ्यांपुढचा प्रश्न मराठी माध्यमातल्या शिक्षकापुढच्या प्रश्नाहून वेगळा आहे. आणि मेळघाटात कोरकू किंवा नंदुरबारकडे भिली घेऊन पहिलीत येणाऱ्या मुलांचे शिक्षक हाच प्रश्न फार आधीपासून हाताळत आले आहेत. मुंबईतल्या शिक्षकाने मेळघाटातल्या धारणीचा एक तास पाहिला, तर एखाद्या आदर्श पाठापेक्षा तो त्याच्या अधिक कामी येईल.

अर्थात वर्गात दिसते ती कृती. एन. एस. प्रभू यांनी १९९० सालच्या एका लेखात असे मांडले, की कोणतीही एक अध्यापनपद्धती सर्वोत्तम नसते. काय केल्याने शिकणे घडते याची प्रत्येक शिक्षकाची स्वतःची एक धारणा असते, आणि ती जिवंत आहे की सवयीने गोठली आहे यावर बरेच काही अवलंबून असते. ही धारणा मागच्या बाकावरून दिसत नाही, ती विचारावी लागते: उतरवलेल्या ओळी दोघांच्या मध्ये ठेवून “इथे तुम्ही का थांबलात?” हा प्रश्न तपासणीच्या सुरात न येता खऱ्या कुतूहलाने यावा लागतो, आणि त्यासाठी पाहणारा उद्या आपलाही वर्ग उघडणार आहे, एवढी खात्री समोरच्याला असावी लागते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षक एकत्र येतातच. परिपत्रकांच्या वाचनातून अर्धा तास सुटला, तर असे संवाद तिथे होऊ शकतात.